शेजारच्या मावशींना

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

आमची काळी शेळी अडली ती रात्र. टॉर्चच्या उजेडात एक खूर आणि नाकाचा शेंडा, एवढंच दिसत होतं. दोन्ही पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड असं यायला हवं, हे मी वाचलं होतं. दुसरा पाय गेला कुठे, हे कोणाला विचारणार? तुम्ही आलात आणि मला वाटलं, सुटलो. तुम्ही माझ्या नखांकडे बघून म्हणालात, "काप आधी." कोपरापर्यंत हात धुवायला लावलेत आणि स्वतः शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसलात.

"कळ ओसरू दे. आता करडू जरासं मागे सार. खूर मुठीत झाक, नाहीतर आत इजा होईल."

बोटांना तो दुमडलेला गुडघा लागला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. पाय सुटा झाल्यावर दोन कळांत करडू पेंढ्यावर होतं. नाकातला चिकटा पुसला तसं शिंकलं. बायकोने नाळेला आयोडीन लावलं. ते धडपडत उभं राहीपर्यंत तुम्ही सडांची पहिली धार काढून वाट मोकळी केली होती. "चीक पोटात गेला की मग बाकीचं." आणि वार (करडामागून पडणारी जार) लोंबत होती ती मी ओढायला गेलो, तेव्हा बसलेला तुमचा ओरडा अजून कानात आहे. तासाभराने ती आपली आपण पडली.

धाकटीलाही तुम्ही असंच थांबवलंत. खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांचा 21वा दिवस, एका अंड्याला चीर पडलेली, आतून चिवचिव. पोरगी रडकुंडीला आली होती, कवच सोलू द्या म्हणून. पिल्लू अजून आतला बलक पोटात ओढून घेतंय, कवचाखालच्या शिरांत रक्त आहे, घाईने सोललं तर रक्तस्राव होईल, हे तुम्ही तिला समजावलंत आणि तिथेच बसवून ठेवलंत. रात्र उलटली. सकाळी पिल्लू बाहेर, ओलंचिंब, कुरूप (धाकटीच्या मते देखणं).

शेळ्यांनी कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं फोडलं तो दिवस आठवला की मला अजून लाज वाटते. दार मीच उघडं टाकलं होतं. डावी कूस ढोलासारखी फुगलेली बघून तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत, डॉक्टर येईपर्यंत शेळीला उभं ठेवून कूस चोळत राहिलात. दुसऱ्या दिवशी खुराड्याच्या दाराला आडवी फळी ठोकून घेतलीत: खालून कोंबडी जाईल, शेळी नाही. ती फळी तशीच आहे.

आज आमच्या गाभण तांबड्या शेळीचे 150 दिवस भरतात. कास ताठ झाली आहे, शेपटाच्या बुडाशी खळगे पडलेत, सकाळपासून कोपरा धरून पायाने पेंढा उकरते आहे. नखं कापली आहेत. टॉर्च धरायला धाकटी जागी राहणार म्हणते. तुम्ही निवांत झोपा. अडलंच तर हाक मारीन.

तुमचा,
कुंपणापलीकडचा