बायच्या उंचीबद्दल

मालवण,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय बाबल,

तुझी लेक बाय माझ्याकडून सुखरूप देवगडला पोचली, हे वहिनींनी कळवलं. तुझ्याशी तेव्हाच बोलणार होतो, पण ही गोष्ट फोनवर घाईत उरकायची नाही म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

तुझ्या पडवीच्या वाशाला दोर बांधलाय आणि उंची वाढावी म्हणून पोर सकाळ-संध्याकाळ त्याला लोंबकळते, पायांना वाळूच्या पिशव्या अडकवून, हे तिनंच मला सांगितलं. तेही सहज नाही. इथं चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत भरतीसाठी गोळाफेकीचा सराव घेत होतो, तर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. खोदून विचारलं तेव्हा बोलली. तू आता उलटं टांगून घ्यायचं ते टेबल मागवणार आहेस, असंही म्हणाली. बाबल, ते मागवू नकोस. उलटं लटकल्यावर डोक्याकडे रक्त उतरतं, रक्तदाब वाढतो, डोळ्यांतला दाब वाढतो. आणि त्या वाळूच्या पिशव्या आजच्या आज सोड.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काका, माजी उंची वाढतली मां?" इतक्या आशेनं विचारलं की मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी मोजून बघितलं. दाराच्या चौकटीला टाचा लावून, डोक्यावर आडवी फळी धरून, सकाळी आणि पुन्हा दिवेलागणीला. सकाळी १५४.३, संध्याकाळी १५३.२. तिला जायचंय त्या पोलीस भरतीला मुलींना १५५ सेंटिमीटर लागतात. ती म्हणाली, "बघा, सकाळी दोराक लोंबकाळतंय म्हणान वाढता." मग दोराशिवाय मोजलं. तरी सकाळी तेवढीच आणि संध्याकाळी तेवढीच कमी.

याचं कारण आपल्या पाठीतच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते (आपल्याकडे कुणाची 'गादी सरकली' म्हणतात ना, तीच), तशा २३ गाद्या आहेत आणि पाठीच्या कण्याच्या लांबीतला जवळजवळ चौथा हिस्सा त्यांचा आहे. त्यांत पाणी भरलेलं असतं. दिवसभर अंगाचं वजन पडलं की ते थोडंथोडं पिळून बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. म्हणून माणूस सकाळी उंच आणि संध्याकाळी एखाद सेंटिमीटर बुटका. त्यातली निम्म्याहून जास्त घट अंथरुणातून उठल्यावर पहिल्या तासाभरातच होते. लोंबकळल्यावर गाद्यांवरचा भार थोडा वेळ हटतो, म्हणून चार-दोन मिलिमीटर मिळाल्यासारखे वाटतात. खाली उतरून कामाला लागलं की गेले. अंतराळवीर महिनोन्‌महिने वजनाशिवाय राहतात, त्यांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, आणि तीसुद्धा जमिनीवर परतल्यावर उतरते. मग पडवीतल्या दोराकडून आपण काय मागायचं?

खरी उंची हाडांत वाढते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पट्ट्या असतात, नवं हाड तिथं तयार होतं. मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत ही वाढ जवळपास आटोपते आणि पुढं पट्ट्या हाडात मिळून जातात. बाय १९ वर्षांची आहे. कुठल्याही ताणानं त्या पुन्हा उघडत नाहीत. उंची वाढवायला म्हणून आणलेला तो पावडरीचा डबाही बंद कर. तो कुणी विकला, किती पैसे घेतले, यात मला पडायचं नाही. पण उंची वाढवून देतो म्हणून औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. मधुमेह, कर्करोगाच्या बरोबरीनं त्या यादीत माणसाची उंचीही आहे.

हे सगळं मी तिला समोर बसवून सांगितलं. रडली. मग स्वतःच उठून डोळे पुसून आली आणि म्हणाली, "मग आता काय करू ते सांगा." अशी लेक आहे तुझी.

तर काय करता येईल ते ऐक. पोर पोक काढून उभी राहते. टाचा, ढुंगण, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवून उभं राहायला लावलं, पाठीचे स्नायू कसायला शलभासन, भुजंगासन, प्लँक करून घेतलं. आठवडाभरात ताठ उभी राहू लागली आणि सकाळची मोजणी १५४.७ वर आली. हाड एक केसभरही वाढलेलं नाही. तिची जी उंची मुळातच होती, तीच आता दिसते. हा व्यायाम रोज चालू दे, मात्र खांद्याला आराम पडेपर्यंत लोंबकळणं पूर्ण बंद. दुखणं पंधरा दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखव.

मोजणीच्या वेळी बहुतेक पोरं हनुवटी वर करतात. त्यानं उंची कमी भरते. नजर सरळ समोर हवी. अंबाडा सोडून केस मोकळे.

आणि भरतीच्या दिवशी तिला देवगडहून पहाटेच्या एस.टी.त बसवू नकोस. दोन-अडीच तास बसून, हादरे खात आली की रात्रभर भरलेल्या गाद्या तिथंच दबतात. ओरोसला माझी बहीण राहते, भरतीच्या मैदानापासून लांब नाही. बाय आदल्या दिवशी तिच्याकडे मुक्कामाला जाईल, शक्य तितका वेळ आडवी राहील आणि वेळेवर निघेल. त्या आठवड्यात जेटीवरून माशांची पाटी डोक्यावर घेऊ देऊ नकोस. वहिनींना सांग, चार दिवस रिक्षाचे पैसे मी देतो.

एवढं करूनही तीन मिलिमीटर कमी पडतात. उठल्या उठल्या मोजली तर कदाचित १५५ ला टेकेल, पण मैदानावर रांगेत उभं राहायचं आहे. मी तुला खोटी आशा देणार नाही. होऊ शकतं, नाहीही होऊ शकत. म्हणून तिचं सगळं वर्ष या तीन मिलिमीटरांना बांधू नकोस. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना १५० सेंटिमीटर लागतात. तिथं तिची उंची आरामात बसते. बारावीला तिचा भूगोल आहे, तोही चालतो. तीन किलोमीटर धावायचं असतं, आणि बाबल, चिवल्याच्या ओल्या वाळूत ती मुलग्यांच्या बरोबरीनं धावते हे मी रोज बघितलंय. किनाऱ्यावरची कांदळवनं, मागं सह्याद्रीचं जंगल, आपल्याच जिल्ह्यात किती काम आहे. कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला तिला नेलं होतं, तेव्हा ती वनरक्षकाला प्रश्न विचारता विचारता थांबेना.

दोन्ही अर्ज भरा. आणि तिच्यासमोर 'बुटकी' हा शब्द घरात पुन्हा निघता कामा नये. तू प्रेमानंच म्हणतोस हे मला माहीत आहे, पण तिनं तो दोर त्या शब्दासाठी बांधला होता.

पाऊस लागायच्या आत तिला महिनाभर माझ्याकडे पाठव. दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, डोमिसाईल, जातीचा दाखला बरोबर दे. फॉर्म इथूनच भरू. धावायचे बूट मी बघून ठेवलेत, तिच्या पायाचं माप तेवढं कळव.

तुझा,
भाई