ताशा वाजवणाऱ्यांच्या कानांचं काय?

महोदय,
आमच्या काकांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवला. आता नातू हाक मारतो तेव्हा ते त्याच्या ओठांकडे बघतात. रात्री कानात रातकिडे किरकिरतात म्हणून उशाशी रेडिओ लावून झोपतात. डीजेने वऱ्हाडी हैराण होतात, त्यावर भरपूर लिहिलं जातं. वाजवणाऱ्यांची विचारपूस कुणी करत नाही, याचं फार वाईट वाटतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास सोसला की कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्तात मिळतात. बँडमालकांनी ड्रेससोबत तेही द्यावेत. सराई संपल्यावर सरकारी दवाखान्यात या पोरांचे कान तपासून घ्यावेत.
– एक वाचक, परभणी