बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरचे अरुंद पूल आता तरी रुंद करा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा हा रस्ता, वर डोंगर खाली तापी, त्यामुळे मधे नदीनाले भरपूर आणि तेवढेच पूल. रस्ता रुंद केला तरी पूल जुनाच ठेवला की गाडी स्पीडने येते आणि ऐन तोंडाशी एकदम रस्ता आवळतो, खरा धोका तिथंच आहे. केळीचा भरलेला ट्रक समोरून आला की मोटरसायकलवाल्याने जायचं कुठं? मागच्या हिवाळ्यात रात्री मी आईला दवाखान्यात नेत होतो, पुलावर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली अडकलेली, मागे घ्यायला जागा नाही, अर्धा तास तसेच उभे होतो, आईचा हात धरून. ती रात्र अजून डोक्यातून जात नाही.

महाडचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ ला रात्री पुरात गेला, एसटी बससकट माणसं वाहून गेली, तेव्हा सगळीकडे ऑडिटची चर्चा झाली. आमच्याकडचे नाले पण वर डोंगरात पाऊस झाला की असेच अचानक भरून येतात हो. नवीन पूल होईपर्यंत निदान कठडे, रिफ्लेक्टर आणि 'अरुंद पूल' चे बोर्ड तरी पावसाळ्याआधी लावा.

— एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव