दादा, त्या पीएसपीसाठी आणि त्यानंतरच्या सगळ्यासाठी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं दुकान बंद झालं, जुना नंबर लागत नाही आणि आसपासच्या कुणालाच तुम्ही कुठे गेलात ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही, पण वाचलंत तर लगेच ओळखाल. २००९ ची उन्हाळ्याची सुट्टी, नाशिक, आणि अकरावीला जाणारी एक मुलगी, जिला मामाने कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेला बंद पीएसपी-२०००, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलचं पातळ मॉडेल, आणून दिला होता.

बटण सरकवलं की हिरवा दिवा लागायचा, पडदा काळाच राहायचा आणि थोड्या वेळात दिवाही विझायचा. आधीच्या दुकानांत "बोर्ड गेला" असं ऐकून आले होते. तुम्ही तो दिवा पाहिलात आणि म्हणालात, "बोर्ड ठीक असणार. आतलं सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलं गेलंय. बस इथे, दाखवतो." दुरुस्त करून देणारं दुसरं कुणी भेटलंही असतं. शेजारी स्टूल देऊन, प्रत्येक पायरी समजावून सांगत दुरुस्त करणारे तुम्हीच भेटलात. दुकानात दोन गिऱ्हाइकं मोबाइल घेऊन उभी असतानासुद्धा तुम्ही घाई केली नाहीत.

तुम्ही ड्रॉवरमधून जाड मॉडेलची, म्हणजे पीएसपी-१००० ची, एक जुनी बॅटरी काढलीत. ब्लेडने तिच्या प्लास्टिकची शिवण उघडलीत आणि आतल्या छोट्या हिरव्या पट्टीवरच्या चिपचा एक पाय सुईने अलगद उचललात. पीएसपीची बॅटरी नुसती वीज देत नाही, स्वतःचा अनुक्रमांकही सांगते. तो पाय सुटला की क्रमांक वाचता येत नाही, सगळेच बिट एक असल्यासारखे दिसतात आणि यंत्राला वाटतं की आपण कारखान्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत. मग ते स्वतःच्या फ्लॅशकडे, म्हणजे आतल्या कायमच्या साठवणीकडे, न जाता मेमरी स्टिक या काढता-घालता येणाऱ्या कार्डावरून सुरू होतं. हीच ती पँडोरा बॅटरी. ती माझ्या पातळ यंत्रात बसली, पण वरचं झाकण काही लागेना. तशीच उघडी ठेवलीत. बॅटरी आत सरकताच बटणाला हात न लावता यंत्र आपोआप चालू झालं, मेमरी स्टिकचा नारिंगी दिवा लुकलुकला आणि इतके दिवस काळ्या असलेल्या पडद्यावर मेनू उमटला. मी स्टूलवरून उठूनच उभी राहिले होते, हे तुम्हाला आठवत असेल.

त्याआधी तुम्ही बोर्ड कोणता आहे याची खात्री करून घेतली होती. पीएसपी-२००० च्या शेवटच्या बोर्डांवर आणि त्यानंतरच्या सगळ्या पीएसपी-३००० वर सोनीने प्रोसेसरच्या आत कोरलेला सुरुवातीचा प्रोग्रामच बदलला होता, तिथे ही युक्ती चालत नसे. माझं नशीब चांगलं, बोर्ड जुना निघाला.

मेनू दिसल्यावर मला वाटलं, आता लगेच फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर, टाकणार. तुम्ही मात्र आधी सगळ्या फ्लॅशची नक्कल मेमरी स्टिकवर उतरवून घेतलीत. मेलेल्या यंत्राची नक्कल कशाला, असं मी विचारलं. तुमचं उत्तर मी आजही माझ्या टीममधल्या नव्या मुलामुलींना सांगते: फर्मवेअर कुठूनही मिळेल, पण त्याच फ्लॅशमध्ये एक छोटा भाग या एकाच यंत्राचा असतो. त्यात वाय-फायचा पत्ता, विक्रीचा विभाग, त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. तो एकदा पुसला गेला की दुसऱ्याच्या यंत्रातून आणून चालत नाही. लिहिण्याआधी परत यायची वाट तयार हवी.

मग ५.०० एम३३ हे कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीच्या फर्मवेअरची बाहेरच्या लोकांनी बदललेली आवृत्ती, टाकलंत. आणि यंत्र सुरू होऊन मी आनंदाने तुमचे आभार मानायला लागले तेव्हा तुम्ही आवर्जून सांगितलंत की हे काम स्पेनमधल्या डार्क ॲलेक्स या टोपणनावाच्या माणसाचं आणि त्याच्यासारख्या अनेकांचं आहे, आपण फक्त वापरतो. असं श्रेय देणारी माणसं मी पुढे फार कमी पाहिली. बिलही तुम्ही एका जुन्या बॅटरीचंच लावलंत, वर ती पँडोरा बॅटरी मलाच देऊन टाकलीत.

मेमरी स्टिकवर फुकटचे गेम भरून द्या, असा हट्ट करणारी मुलं तुमच्याकडे रोज यायची. तुम्ही मला माझ्याच डिस्कची प्रत कशी काढायची ते शिकवलंत. सिलेक्ट दाबायचं, यूएसबीसाठी मेमरी स्टिकऐवजी यूएमडी, म्हणजे गेमची डिस्क, निवडायचं, केबल लावायची की संगणकावर डिस्क एका आयएसओ फाइलच्या रूपात दिसते. ती कॉपी करून स्टिकवर टाकली की डिस्क फिरवणारी मोटर बंद, आवाज बंद, बॅटरी जास्त वेळ टिकते. त्या काळी नाशिकला लोडशेडिंग असायचं, त्यामुळे हे शेवटचं मला फारच महत्त्वाचं होतं.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट त्यानंतरची. सोनी नवं फर्मवेअर काढायची आणि नवे गेम जुन्यावर चालेनासे व्हायचे. मी ईमेलवर विचारायचे, "दादा, आता अपडेट करू का?" तुम्ही कधीच नुसतं हो किंवा नाही म्हटलं नाहीत. नव्या आवृत्तीत काय बदललं, कुणी तपासून पाहिलं, आणि मला त्याची गरज काय, हे आधी शोधायला लावायचात. त्या शोधातूनच मला कळलं की कस्टम फर्मवेअर एकदा लिहून संपत नाही. पीएसपीच्या सिस्टिममध्ये फंक्शन नावाने बोलावलं जात नाही, त्या नावाच्या शा-१ हॅशच्या, म्हणजे नावावरून गणिताने काढलेल्या ठशाच्या, पहिल्या चार बाइट्सवरून त्याला ओळखतात. पुढे सोनीने कर्नलमधले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातले, हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलायला सुरुवात केली. म्हणजे दर अपडेटला कुणीतरी बसून कुठलं फंक्शन कुठल्या क्रमांकामागे लपलंय ते पुन्हा हुडकायचं आणि नवा तक्ता बनवायचा. पगार नाही, आभार क्वचित, शिव्या मात्र भरपूर: "अजून आलं कसं नाही?" तुम्ही मला ते तक्ते उघडून वाचायला लावलंत. अकरावी-बारावीच्या मुलीला ते सगळं समजेल असा विश्वास आमच्या घरातसुद्धा कुणाला नव्हता.

माझ्या मैत्रिणीकडे पीएसपी-३००० होता. त्यावर कस्टम फर्मवेअर फक्त रॅममध्ये राहायचं. झोपवला तर टिकायचं, पूर्ण बंद केला की गेलं, पुन्हा सगळं सुरू करायचं. माझ्या जुन्या बोर्डावर पुढे ६.६० प्रो हे कस्टम फर्मवेअर कायमचं बसवता आलं. तेही तुम्ही फोनवर सोबत राहून करून घेतलंत, आणि चार्जर लावलाय ना, बॅटरी पुरेशी भरलीय ना, हे तीनतीनदा विचारलंत.

आता मी पुण्यात शेतीपंपांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिते. हे कंट्रोलर शिवारात बसतात, सिमकार्डवरून अपडेट होतात आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आमच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. नवी प्रत नीट सुरू झाली तरच जुनी सोडायची, आणि सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामला अपडेटने कधीही हात लावायचा नाही. एकदा बैठकीत खर्च वाचवण्यासाठी लहान फ्लॅश घेऊन दुसरी प्रत काढून टाकायचं ठरत होतं. मी अडून बसले आणि ती राहिली. पंप बंद पडल्यावर माणसाला शंभर किलोमीटर पाठवावं लागू नये, हा त्यामागचा हिशेब मी तिथे मांडला. पण ते बळ तुमच्या दुकानातल्या स्टूलवरून आलं होतं, हे तिथे कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

पीएसपी अजून चालतो. मधे बॅटरी फुगली म्हणून बदलली. आता त्यावर सोनीचं शेवटचं, २०१५ चं ६.६१ आहे आणि वर एआरके-४ हे कस्टम फर्मवेअर. सोनीने हात काढून घेतला तरी जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली माणसं या छोट्या यंत्रासाठी अजून कोड लिहिताहेत. त्यांच्या सुधारणा वाचताना दर वेळी वाटतं, तुम्हीही वाचत असाल.

आणि एक. तुमच्या सांगण्यावरून पीएसपीएसडीके हा पीएसपीसाठी प्रोग्राम लिहायचा साधनसंच वापरून मी पहिला प्रोग्राम लिहिला होता, तो पावकी-निमकीचा, म्हणजे अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांचा. पडद्यावर देवनागरी उमटेना म्हणून प्रत्येक आकडा आणि अक्षर मी वेगळं चित्र म्हणून काढलं होतं, आणि ४८० बाय २७२ च्या पडद्यात ते कसं मावेल याचा कागद तुम्ही मला आखून दिला होता. तुम्ही पाहिलात तेव्हा त्यात पाऊणकीसुद्धा नव्हती. आता सवायकी, दिडकी, अडीचकी करत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पोचलाय आणि माझा भाचा तो वापरतो. तुम्हाला तो दाखवायचा आहे. कुठे आहात ते कुणाच्या तरी हाती कळवा, मी येते.

तुमची,
स्टूलवर बसून शिकलेली विद्यार्थिनी