आई, एरंडेल परत पाठवलं त्याबद्दल

ती. आई-बाबांना शि. सा. न.

आई, परवा फोनवर तू एकदम गप्प झालीस आणि "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन देऊन टाकलास, तेव्हाच मला कळलं की बद्धकोष्ठासाठी तू दिलेली एरंडेलाची बाटली मी दादाच्या हाती परत पाठवली ते तुला लागलंय. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मध्येच कुणीतरी येतं, नाहीतर तू रडतेस मग मी पण रडते, म्हणून हे सगळं टाईप करून पाठवतेय. बाबा, तुमच्या मोबाईलवर अक्षरं मोठी करून आईला वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका, तुमच्यासाठी लिहिलंय ते पण.

आधी एरंडेलाचंच. तुला वाटतंय की डॉक्टरच्या नादाला लागून मी तुझं औषध टाकून दिलं, तर तसं नाहीये गं. लहानपणी दर सुट्टीत तूच आम्हाला एरंडेल पाजायचीस, आणि पोट साफ व्हायचंच. पण ते आतड्याला ढवळून काढतं तसं गर्भाशयालाही ढवळू शकतं, त्याने कळा सुरू होऊ शकतात, म्हणून सातव्या महिन्यात ते अजिबात घ्यायचं नाही. जुन्या सुइणी दिवस भरले की कळा याव्यात म्हणून एरंडेलच द्यायच्या, हे तर तूच मला सांगितलं होतंस ना. आणि ते बाजारातलं चूर्ण, डब्यावर बघ, त्यात सोनामुखी आहे, ती पण जुलाबाचीच, ते पण डॉक्टर मॅडमना विचारल्याशिवाय मी घेणार नाही.

बद्धकोष्ठ आहे मला, ते खोटं नाही, चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं आणि मग रक्त पडलं तेव्हा मी खूप घाबरले होते. पण ते मी नीट जेवत नाही म्हणून नाही बरं का. दिवस गेले की अंगात एक हार्मोन वाढतं, प्रोजेस्टेरॉन, त्याने सगळे आतले स्नायू सैल पडतात, आतडी पण सुस्तावतात, अन्न हळूहळू पुढे जातं आणि तेवढ्यात पाणी शोषलं जाऊन घट्ट होतं. वरून लोहाची गोळी. ती सरकारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. त्याने शौचाला काळी होते, घट्ट होते. मी मध्ये आठ दिवस गोळी बंदच केली होती, कुणाला सांगितलं नाही, आणि मॅडमनी हिमोग्लोबिन बघून लगेच पकडलं. आता दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा तेव्हा नाही, आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी कारण दोन्ही बरोबर घेतलं तर लोह नीट लागत नाही. रात्री इसबगोल, पण त्यावर मोठा ग्लास भरून पाणी, नाहीतर ते उलट आत बसून राहतं. सकाळी भिजवलेल्या मनुका, पेरू, पालेभाजी, ज्वारीची भाकरी. आणि रोज संध्याकाळी इथे इंदूरला राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत सासूबाईंबरोबर अर्धा तास चालते. फरक आहे आई, खरंच आहे, म्हणून बाटली परत पाठवली, रागाने नाही.

दुसरं ते पित्ताचं. तू म्हणालीस चिमूटभर खायचा सोडा घे पाण्यात. नको गं, त्यात मिठासारखंच भरपूर सोडियम असतं, वारंवार घेतला तर अंगावर सूज आणि रक्तातला समतोल बिघडतो. जळजळ होते कारण अन्ननलिकेच्या खालची झडप सैल झालीये आणि वर बाळ पोटाला ढकलतंय. मी काय करते, तीनदा पोटभर ऐवजी सहा वेळा थोडं थोडं खाते, रात्रीचं जेवण साडेसातला आटपते, लगेच आडवी होत नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्यात ह्यांनी, आणि डाव्या कुशीवर झोपते. लौंगची शेव बंद, ते मात्र जड गेलं, इंदूरमध्ये राहून पोह्यांवर शेव नाही म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. जास्तच झालं तर मॅडमनी दिलेलं औषध आहे.

पण आई, एक गोष्ट नीट ऐक, कारण तू शेजारच्या वहिनींच्या सुनेला पण पित्ताचं सांगत असतेस. पाचव्या महिन्यानंतर बरगड्यांच्या खाली मधोमध किंवा उजवीकडे जोरात दुखलं, सोबत डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तोंडावर-हातावर एकदम सूज, तर ते पित्त समजून बसायचं नाही, ते बीपीचं असू शकतं आणि त्यात लिव्हरला मार बसतो, त्याच दिवशी अस्पतालात जायचं. तसंच रात्री तळहात-तळपाय खूप खाजले आणि अंगावर पुरळ काही नाही, तरी उष्णता म्हणून सोडायचं नाही, रक्त तपासायचं. आपल्याकडे सगळं पित्त आणि उष्णतेत जातं म्हणून सांगतेय.

आता जे लपवलं ते. पाचव्या महिन्यात मला जुलाब झाले होते. ऑफिसमधून येताना ऊन होतं, ठेल्यावर उसाचा रस प्यायले, बर्फ घातलेला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सुरू, सोबत ताप. तुम्हाला सांगितलं असतं तर रात्रीच्या गाडीत बसून आला असतात, बाबांचा गुडघा असा, म्हणून नाही सांगितलं, माफ करा. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात असं अंदाजाने नाही, आणि घोट घोट. जुलाब थांबवायची गोळी मेडिकलवाला देत होता ती घेतली नाही. ताप होता म्हणून मॅडमकडे गेलो, एक दिवस सलाईन लागलं, बाळ ठीक होतं, पोटात लाथ मारली तेव्हा मी पलंगावरच हुंदके देऊन रडले.

तिथे मॅडमनी विचारलं, घरात कुणाला कावीळ झाली होती का गरोदरपणात. मी पटकन नाही म्हणाले. मग घरी येताना रिक्षात आठवलं, धाकटी आत्या.

बाबा, हे वाचताना तुम्हाला त्रास होईल, पण मला तुमच्याशीच बोलायचंय. मला आत्याबद्दल एवढंच माहिती होतं की आठव्या महिन्यात गेली, पावसाळ्यात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरी, डोळे पिवळे झाले होते, कुणीतरी काविळीची माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, आणि पाचव्या दिवशी शुद्धच हरपली. आजी शेवटपर्यंत म्हणायची की तिने पपई खाल्ली, माझं ऐकलं नाही. अंगणातलं पपईचं झाड तोडलं होतं ना तेव्हा? आई, तू आजही पपई घरात आणू देत नाहीस ती त्यामुळेच.

मॅडमना मी हे सांगितलं तर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या की हिपॅटायटीस ई नावाची कावीळ असते, पाण्यातून पसरते, घाण पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं की. बाकीच्यांना बहुतेक आपोआप बरी होते, पण शेवटच्या तिमाहीत गरोदर बाईला झाली तर १०० मधल्या २०-२५ बायका वाचत नाहीत. तेव्हा रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे आत्याला तेच झालं असं आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. पण पपईने डोळे पिवळे होत नाहीत बाबा. तिची काही चूक नव्हती. एवढी वर्षं आपल्या घरात तिचं नाव निघालं की "ऐकलं नाही तिने" हेच निघतं, ते आता थांबवूया. मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी, माझ्याहून लहान होती ती.

आणि तेव्हाच मला तुमचं पाणी आठवलं. तुम्ही पीएचईत, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात होतात, आम्हाला रविवारी तिघऱ्याच्या धरणावर न्यायचात आणि सांगायचात की पाणी धरणात खराब होत नाही, रस्त्यात होतं. नळ दिवसातून एकदाच येतो, बाकी वेळ पाईप रिकामा, आणि रिकाम्या पाईपात जिथे फट असेल तिथून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून पहिलं पाणी सोडून द्यायचं. दिल्लीची १९५५ ची गोष्ट पण तुम्हीच सांगितलेली, यमुनेत नाल्याचं पाणी उलटं शिरलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली, क्लोरीन वाढवूनही. ती कावीळ हीच होती, ई, ते खूप वर्षांनी कळलं. तुम्ही जून ते दिवाळी आम्हाला उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब पिऊ दिला नाहीत, दादा चिडायचा, वर्गात सगळे त्याच्या बाटलीला हसायचे. आता मला वाटतं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, फक्त आजीसमोर बोलला नाहीत. खरं आहे का ते मला कधीतरी सांगा.

इथे आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून, पण टंकी दोन मजले वर आहे आणि पावसात मी कुणावरच भरवसा ठेवत नाही, उकळी फुटल्यावर नीट उकळू देते, झाकून ठेवते, भांडी पण त्यानेच शेवटची विसळते. बाहेरचं म्हणाल तर छप्पन दुकानला खायला गेलो तरी डोळ्यांसमोर गरम तळलेलं तेवढंच, पाणीपुरी नाही, शिकंजी नाही, कापून ठेवलेली फळं नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात अजून गेलेच नाही.

पण बाबा, मग दुधाचं काय? दादा म्हणाला तुम्ही रोज सकाळी गवळ्याकडे जाऊन धारोष्ण दूध पिताय, आणि येताना माझ्यासाठी पण तसंच आणणार आहात. तुम्ही पाण्याला एवढे जपणारे, तर कच्च्या दुधात पण जंतू असू शकतात हो, ब्रुसेला, टीबी, आणि लिस्टेरिया म्हणून एक जंतू, तो फ्रीजमध्ये पण वाढत राहतो. गरोदर बाईला तो इतरांपेक्षा साधारण १० पट सहज होतो, आईला नुसता फ्लूसारखा ताप येतो आणि बाळ जाऊ शकतं. म्हैस कितीही चांगली असू दे. आणि तुम्ही पण बहात्तरचे झालात, तुम्हाला शुगर आहे, हे जंतू म्हाताऱ्या माणसांना पण धरतात. उकळून प्या ना, माझ्यासाठी. चीक मिळाला तर आई खरवस कर, नीट उकडून, ते मला चालतं, खूप खावंसं वाटतंय.

रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात मी सोडला, ते ऐकून तुला हसू येईल आई. पण रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला तर त्यात एक जंतू विष सोडतो आणि ते सकाळी कितीही परतलं तरी जात नाही. आता भात उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, मगच सकाळी फोडणी. मटकी-मुगाला मोड आणते पण उसळ करूनच, कच्ची कोशिंबीर नाही. ताज्या दुधाचं घरचं दही, ताक रोज. आणि पिकलेली पपई, हो, दोन फोडी खाल्ल्या मागच्या आठवड्यात, पूर्ण पिकलेली. कच्चीत चीक असतो ती नाही खायची, ते आजीचं बरोबर होतं.

एकादशी ह्या वेळी मी करणार नाही. साबुदाण्याने दोन दिवस पोट घट्ट होतं, तू माझ्या वाटची कर. आणि नवव्यात रोज वाटीभर तूप, त्याने बाळ सरकत नाही गं, नुसती जळजळ वाढेल. पोळीवर, वरणावर घालीन तुझ्या हातचं, तेवढं पाठव. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर, ते मात्र तूच इथे येऊन करायचे, सासूबाई म्हणाल्या मला तुमच्यासारखे जमत नाहीत.

गणपती झाले की या दोघं, रात्रीच्या गाडीने, खालचे बर्थ मिळाले तरच, बाबांचा गुडघा आहे. पाणी घरून उकळून दोन बाटल्या, स्टेशनचं नको. गजक आणू नका, अजून गरमी आहे, वितळेल.

आई, वाचून झालं की फोन कर. मी साडेसातनंतर मोकळी असते. आणि ह्या वेळी बाबांकडे देऊ नकोस, तूच बोल माझ्याशी.

तुमची लेक