सुभेदारकाका गेले

महोदय,

डिचोलीतील आमच्या वाड्यावरचे सुभेदारकाका गेल्या आठवड्यात गेले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात ते घडले आणि १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा पलटणीतून, म्हणजे 'जंगी पलटणी'तून, लढले. याच पलटणीने ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, जमालपूर घेतले. पाचच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. हे मी वाचले, काका युद्धाबद्दल बोलतच नसत. फार विचारले तर परत न आलेल्या साथीदारांची नावे गावांसकट सांगत आणि गप्प होत.

काकी आठ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. रोज सकाळी काका स्वतः त्यांची वेणी घालत, अबोलीचा वळेसर माळत, मगच आपला चहा घेत. परवा त्यांची हिरवी लोखंडी ट्रंक उघडली. पदके तळाशी होती. वर सुतळीने बांधलेली काकींची आंतरदेशीय पत्रे, घड्या झिजून फाटलेली.

१९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आपण उत्साहाने साजरा करतो. १६ डिसेंबरला, विजय दिनी, गावोगावच्या माजी सैनिकांना शाळांनी मुलांसमोर बोलवावे, ही कळकळीची विनंती. काकांना कोणी बोलावले नाही. मीही कधी सुचवले नाही, याचे फार वाईट वाटते.

– एक वाचक, डिचोली