काका, त्या जुन्या बल्बबद्दल आभार

प्रिय काका,
सा. न.

त्या दिवशी बॉनेट उघडून तुमच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा रेडिएटर फॅनची मोटर गेली असं मी ठरवूनच आलो होतो. नवीन मोटर घ्यायला निघालोच होतो म्हणा ना! तुम्ही गाडीला हातही न लावता विचारलंत, "काटा चढतो कधी?"

इंजिनच्या तापमानाचा काटा सिग्नलला थांबलं की चढतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो. हे मी रोज बघत होतो, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. धावत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो; फॅनची खरी गरज उभ्या गाडीला. तुम्ही एसी लावायला सांगितलात. एसी लागला की फॅन फिरायला हवा; तो ढिम्म. फ्यूज ठीक. फॅनचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून जागी हॉर्नचा तसाच रिले लावला, तरी ढिम्म.

मग मी ऐटीत फॅनच्या मोटरचं सॉकेट काढून मल्टिमीटर लावला. 12 व्होल्ट! करंट येतोय, फॅन फिरत नाही, म्हणजे मोटरच गेली की. तुम्ही काही न बोलता हेडलाइटचा एक जुना बल्ब त्याच सॉकेटला जोडलात. तो देवघरातल्या समईसारखा मिणमिणला. "मीटर ओझं उचलत नाही रे, बल्ब उचलतो," एवढंच म्हणालात. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून गंजलेल्या अर्थिंगमधूनही (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. अर्थिंगचा बोल्ट खोलून, पॉलिश पेपरने घासून परत आवळला आणि तीच 'गेलेली' मोटर भर्रकन फिरली.

इंजिन बंद करून मी फॅनजवळ हात घातला तेव्हा तुम्ही मनगटावर फटका मारलात, त्याचेही आभार. गरम गाडीत फॅन चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.

गाडीच्या आत हवा फेकणाऱ्या ब्लोअरचं दुखणं मी त्याच अर्थिंगवर ढकलायला निघालो होतो. एक, दोन, तीनवर मेलेला आणि चारवर वादळ. तुम्ही हसलात. चारवर करंट थेट मोटरला जातो, खालच्या स्पीडला करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून. म्हणजे मोटर जिवंत, रेझिस्टर जळालेला. (ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांचं गणित वेगळं, हेही बजावलंत.) पण नुसता रेझिस्टर बदलून मला वाटेला लावलं नाहीत. तो जळाला का, ते शोधलंत. केबिन फिल्टर काढला तर त्यात पाचोळा आणि धुळीचा नमदा! रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेने थंड राहतो. हवाच कोंडली तर तो तापून जळणारच. फिल्टर मीच कधी बदलला नव्हता, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

आता काटा मध्यावर असतो, ब्लोअर दोनवर छान चालतो. फक्त सकाळी सुरू होताना बारीक चीं चीं ऐकू येते. बेअरिंग जड झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही खाते, असं तुम्ही म्हणाला होतात. रविवारी गाडी घेऊन येऊ का? तुमचा बल्बही माझ्याच डिकीत राहिलाय.

तुमचा,
मल्टिमीटरवाला